कुऱ्हाडीची वही

"दांडा बसला का, सर?"

हे विचारताना मामा हातातल्या पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर दोनदा आपटायचे. टक् टक्. कुऱ्हाडीत नवा दांडा घालताना त्याचं टोक दगडावर असंच आपटतात आणि एकेका ठोक्यासरशी पातं घट्ट बसत जातं. मामांच्या हिशेबी इंग्रजी शब्दाचंही तसंच होतं. शब्द म्हणजे नुसतं पातं. पाठ केलेलं पातं खिशात घेऊन हिंडलात तर फार तर तुमचाच खिसा फाटेल. त्याला स्वतःच्या वाक्याचा दांडा घातला, तरच ते काही तोडणार.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. शिपायाला मामा म्हणायची रीत आपल्याकडे सगळ्याच शाळांत आहे, त्यामुळे तुमच्याही ओळखीचे एक मामा असतील. घंटा देणारे, सूचनेची वही वर्गावर्गात फिरवणारे, पडलेल्या पोराचा गुडघा धुऊन देणारे. आमचे मामा हे सगळं करायचेच. शिवाय ते दहावीला बसलेले होते. वय वर्षं बेचाळीस.

मंठा तालुक्यातल्या त्या शाळेत मी इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो, ते नव्वदच्या आसपास. आमचं घर परतूरचं. वडील जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचे. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. इंग्रजी घेऊन बी. ए. झालो होतो, पण ते गाइडच्या बळावर, हे मला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाला कळू नये एवढीच काळजी होती. वर्गात धडा वाचताना एखादा शब्द अडला, की मी खोकायचो आणि पुढच्या ओळीवर जायचो.

तिसऱ्याच दिवशी माझ्या मोकळ्या तासाला मामा दारात येऊन उभे राहिले. हातात एक जाडजूड डिक्शनरी. जुन्या जालन्यातल्या एका रद्दीवाल्याकडून आणलेली. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं होतं आणि सुरुवातीची पानं उंदरांनी खाल्ली होती. त्यामुळे मामांचं इंग्रजी 'ए'च्या अगदी शेवटाला सुरू व्हायचं. शाबूत राहिलेल्या पानावरचा पहिला धड शब्द होता 'ॲक्स'.

"कुऱ्हाड निघाली सर पहिलीच," मामा म्हणाले. "मी म्हणलं, बरं झालं. ओळखीचं माणूस भेटलं."

आणि ओळख खरंच जुनी होती. मामांचं घराणं मेंढरांमागे फिरणारं. आठव्या वर्षापासून त्यांच्या खांद्यावर लहानशी कुऱ्हाड होती. बाभळीवर चढायचं, हिरवे डहाळे तोडून खाली टाकायचे, शेळ्या-मेंढरं खात असली की दुसरं झाड हेरायचं. पुढे कळप मोडला आणि मामा गावात राहिले. रात्रशाळेत अक्षरओळख झाली, शाळेत चिकटले आणि घंटा देता देता त्यांनी सातवी केली. मग बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि एकेक विषय सोडवत आणला. राहिलं होतं ते इंग्रजी. दोनदा बसून झालं होतं.

तीन वर्षांनी शाळेचे कारकून निवृत्त होणार होते. शिपायांत कुणी दहावी पास असेल तर त्या खुर्चीवर पहिला हक्क त्याचा, असं हेडसरांनी मामांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे खुर्ची आणि मामा यांच्यामध्ये पस्तीस मार्क उभे होते.

दोनशे पानी वहीचं पहिलं पान मामांनी माझ्यापुढे उघडलं. वर मोठ्या अक्षरात, पट्टीनं अधोरेखित केलेलं, 'ॲक्स'. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. डावीकडे पहिलं वाक्य होतं, 'धिस इज माय ॲक्स.' त्याखाली दुसरं, 'माय फादर हॅड वन ॲक्स अँड वन हंड्रेड शीप.'

"आता अजून सांगा," मामा म्हणाले.

"अजून काय? कुऱ्हाड म्हणजे कुऱ्हाड."

"असं कसं सर? आपल्याकडं एका कुऱ्हाडीचे किती प्रकार. कोणाच्या डोक्यावर कोसळती, कोणी आपल्याच पायावर मारून घेतं. इंग्रजाच्या घरी ती काय नुसती लाकडंच फोडून राह्यली?"

असा विचार मी बी. ए.ला असताना केला असता, तर गाइड घ्यावं लागलं नसतं.

त्या दिवसापासून आमचा नेम पडला. मधल्या सुट्टीत मुलं नळावर गर्दी करायची तेव्हा मामा माझ्यापुढे वही घेऊन बसायचे. हेडसरांकडे जालन्याहून एसटीनं इंग्रजी पेपर यायचा, एक दिवस शिळा. तो टेबलावर ठेवण्याआधी मामा व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यात कुऱ्हाड शोधायचे. एकदा ते पेपर घेऊन जवळजवळ धावतच माझ्या वर्गावर आले. कुठल्याशा गिरणीनं दोनशे कामगार 'ॲक्स' केल्याची बातमी होती.

"सर, ह्यांनी माणसं तोडली?"

"तोडली नाहीत मामा. कामावरून काढलं."

मामांनी श्वास सोडला. मग बातमी पुन्हा एकदा वाचली.

"बराबर हाय. आपण म्हणतो पोटावर पाय दिला. त्यांच्याकडं पायाचं काम कुऱ्हाड करती." आणि चौकटीवर टक् टक्. "बसला दांडा."

अख्खा वर्ग ऐकत होता. सांगायची गोष्ट अशी की, सहामाहीत त्या शब्दाचं वाक्य एकाही मुलाचं चुकलं नाही.

आता माझ्या चुकीचं सांगतो. डिक्शनरीत कुऱ्हाडीखाली एक वाक्प्रचार होता, 'ॲन ॲक्स टू ग्राइंड'. अर्थाची ओळ फाटलेली होती. मामांनी मला विचारलं. मला येत नव्हता. पण समोर शिपाई, मी इंग्रजीचा शिक्षक आणि शेजारी गणिताचे सर कान देऊन बसलेले. मी खोकलो आणि ठोकून दिलं, "म्हणजे कामाआधी नीट तयारी करणे. कुऱ्हाडीला धार लावणे."

मामांना तो अर्थ फारच आवडला. त्यांच्या धंद्यातलाच होता. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती आणि हेडसर चार दिवस घरी न जाता दप्तरं लावत होते. मामांनी वाक्य केलं, 'अवर हेडमास्टर हॅज ॲन ॲक्स टू ग्राइंड.' आणि कौतुकानं ते हेडसरांनाच नेऊन दाखवलं.

हेडसर इंग्रजीचे एम. ए. होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुमच्या विद्यार्थ्यानं लिहून आणलंय की या सगळ्यात माझा स्वार्थ आहे," ते म्हणाले. "मनातला हेतू लपवून वागणारा माणूस, असा त्याचा अर्थ होतो. तुम्ही शिकवलं, की त्याला अंतर्ज्ञान झालं?"

मी मान खाली घातली. मामा बाजूला उभे होते. मला वाटलं आता हा माणूस माझं नाव घेणार. मामा म्हणाले, "माझंच ऐकण्यात चुकलं, सर."

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मला पिंपळाखाली थांबवलं. आवाज चढवला नाही.

"सर, ठाऊक न्हाई म्हणायला किती वेळ लागतो?"

"नाही लागत, मामा."

"मंग? दांडा ढिला ऱ्हायला तर पातं निसटून शेजारच्याचं टाळकं फोडतं. आज हेडसरांचं फुटलं असतं." आणि मग ते हसले. मीही हसलो, पण उशिरानं.

त्या दिवसापासून मी वर्गात खोकणं सोडलं. अडलं की म्हणायचो, "पाहून सांगतो." सुरुवातीला मुलं एकमेकांकडे बघायची. पुढे त्यांचीही सवय झाली आणि माझी रोज रात्री डिक्शनरी उघडायची सवय झाली. मी आज थोडंफार इंग्रजी शिकवू शकतो ते कॉलेजमुळे नव्हे, त्या पिंपळाखालच्या वाक्यामुळे. हे मी मामांच्या हयातीत त्यांना नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

काही ठिकाणी मी हरलोही. आसपासच्या एका गावानं ठराव करून कुऱ्हाडबंदी केली, तेव्हा मामांनी त्याला इंग्रजी शब्द विचारला. मी पाहून सांगतो म्हटलं आणि आठ दिवस पाहिलं. एका शब्दात सापडला नाही.

"नसंल त्यांच्याकडं," मामा म्हणाले. "झाडं आपली तोडून नेली, त्येंला बंदी कशाला लागती?"

उजव्या बाजूचं मराठी पान मामांनी माझ्या मदतीशिवायच भरलं होतं. प्रत्येक म्हणीखाली एक वाक्य. फक्त एका म्हणीखाली जागा कोरी होती. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.' दांडा लाकडाचाच आणि तोच लाकडाच्या गोताचा नाश करतो, ही आपली जुनीच म्हण.

"याचं वाक्य का नाही, मामा?"

"वाक्य हाय माझ्याकडं. लिहायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

मी आल्यावरच्या पहिल्या मार्चला त्यांना सत्तावीस मार्क पडले. ऑक्टोबरला एकोणतीस. पुढच्या मार्चला एकतीस. मार्क वाढत होते, पण कारकुनांची निवृत्तीही जवळ येत होती. आणखी एक ऑक्टोबर गेला, तीसवर. आता एकच मार्च उरला. तो चुकला तर खुर्ची गेली. शाळेत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळ्यांनाच मामा त्या खुर्चीत हवे होते.

आता आमच्याकडच्या परीक्षेची एक रीत सांगायला हवी. तुमच्यातल्या अनेकांना ती ठाऊक असेल आणि ठाऊक असूनही आपण ती बोलत नाही. परीक्षेच्या खोलीत पाणी द्यायला शिपाई फिरतो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. पेल्याच्या बुडाला भाताच्या शितानं चिठ्ठी चिकटवलेली असायची. मुलगा पाणी प्यायचा, चिठ्ठी बोटांनी काढून घ्यायचा, पेला परत द्यायचा. खिडकीबाहेर पालकांची झुंबड असायची तेव्हाही पेल्याची वाट सगळ्यात सुरक्षित. केंद्राचा निकाल चांगला लागायचा, शाळेचं नाव व्हायचं आणि पाण्याला नाही कोण म्हणणार?

आमच्या शाळेत वर्षानुवर्षं पाणी द्यायचं काम मामांचं होतं. ते स्वतः परीक्षेला बसायला लागल्यापासून ते दुसऱ्या शिपायाकडे गेलं होतं.

त्या मार्चला मी ठरवलं. हेडसरांनी काही सांगितलं नाही, गणिताच्या सरांनी नाही. मीच ठरवलं. प्रश्नपत्रिकेची एक प्रत खोलीबाहेर आल्यावर दहा मिनिटांत मी उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं आणि पत्र एका कागदावर बारीक अक्षरात लिहिलं. मन म्हणत होतं, ह्या माणसानं तुला हेडसरांपुढे सांभाळून घेतलं, आता तू सांभाळ. कागद पेल्याच्या बुडाला लावून दुसऱ्या शिपायाच्या हातात दिला आणि मी दाराच्या फटीतून पाहत राहिलो.

मामांनी पेला घेतला. बोटं बुडाला लागली आणि थांबली. त्यांनी सावकाश सगळं पाणी प्यायलं. मग पेला बाकावर ठेवला, पण उपडा. बूड वर आणि बुडावर माझी चिठ्ठी, साऱ्या खोलीला दिसेल अशी. पर्यवेक्षक परगावचे होते, भला माणूस असावा, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शिपायानं घाईघाईनं पेला उचलला. मामांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

बत्तीस मार्क.

निकालाच्या दिवशी मी रागानं लाल झालो होतो. पिंपळाखाली मीच त्यांना गाठलं.

"तीन मार्क, मामा. त्या कागदावर पंधरा होते. सगळं जग करतं. काय बिघडलं असतं?"

"अक्षर तुमचं होतं," मामा म्हणाले.

"होय, माझं होतं. तुमच्यासाठी केलं मी."

"म्हाईत हाय सर. म्हणून रागावलो न्हाई." ते खाली बसले. पिंपळाची एक वाळकी काडी उचलून त्यांनी हातात फिरवली. "माझा थोरला तुम्हाला ठाऊक हाय?"

पाहिला होता. मंठ्याच्या बसस्टँडजवळ पंक्चर काढायचा. शाळेकडे कधी फिरकायचा नाही.

"दहावीला बसल्ता इथंच. पाणी मीच देत होतो. बाकीच्या पोराईला नेऊन देतो, तर आपल्याला काहून न्हाई? सगळ्या पेपरला दिलं. पासष्ट टक्के आले. गावात पेढे वाटले मी. जालन्याला सायन्सला घातला." त्यांनी काडीची साल नखानं सोलली. "महिन्यात परत आला. म्हणला, आप्पा, पुस्तकातली एक ओळ कळत न्हाई. पोरं हसून राह्यलीत. माझ्याकडं बघून बोलला न्हाई. आजूनबी बघत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"त्याला पास मी केलं अन् नापासबी मीच केलं. आणि तो एकटा न्हाई, सर. किती जणांना नेऊन दिलं असंल? सगळी आपलीच. मेंढरामागची, रोजंदारीवाल्याची. सावकारांची पोरं शिकवण्या लावतेत, त्येंला पेला लागत न्हाई. आपल्याच झाडाला आपणच." त्यांनी काडी मोडली. "त्या म्हणीचं वाक्य इचारलं होतं ना तुम्ही?"

मला त्या क्षणी आमचं परतूरचं घर आठवलं. गाठी उचलणारे वडील. आणि मी, त्या घरातला पहिला पदवीधर, भाताचं शीत बोटावर घेऊन उभा.

जूनमध्ये कारकुनांच्या खुर्चीवर संस्थेतल्या कुणाचा तरी मेहुणा येऊन बसला. मामा त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागले. आता संपलं, असं आम्ही सगळे धरून चाललो. आणि जुलैत मामा ऑक्टोबरचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले.

"आता कशाला, मामा?" मी विचारलं. "खुर्ची तर गेली."

"खुर्ची गेली. झाड तसंच हाय की." त्यांनी खाली बसून फॉर्म मांडीवर ठेवला. "सर, अर्ध्यात तोडलेलं झाड सोडून कधी जायचं न्हाई. आमचा बाप लई मारायचा त्यापायी. ते उभं दिसतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर कधी येईल सांगता येत न्हाई. एक तर हात लावू नये. लावला, तर पाडून घरी जायचं. इथं सही कुठं करायची, सांगा."

त्यानंतरची दोन वर्षं मी मामांना जसं शिकवलं तसं कुणालाच शिकवलं नाही. ते वेगानं शिकणारे नव्हते, हे खरं सांगायला हवं. स्पेलिंगशी त्यांचं वैर होतं. 'आर' आणि 'इज'ची गाठ सुटायला एक अख्खा पावसाळा गेला. पण एकदा दांडा बसला की तो निघायचा नाही. वही भरली, दुसरी आणली. कुऱ्हाडीवरून झाड, झाडावरून सावली, सावलीवरून रस्ता, असे ते एकेक शब्द धरत पुढे गेले. गणिताचे सर चिडवायचे, "मामा, म्हातारपणी विलायतेला जायचा बेत आहे का?" मामा म्हणायचे, "जातो की. तिकडं शेळ्या असतेत का तेवढं बघून सांगा."

आणि एका जूनमध्ये, शाळा नुकतीच उघडलेली असताना, पहिल्या तासाची घंटा झाली आणि थोड्या वेळानं तिला आणखी दोन टोल जोडले गेले. आमची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, दोरीला टांगलेला. टण्. टण्. मुलांना वाटलं सुट्टी झाली, ती दप्तरं घेऊन पळत सुटली. हेडसर ओरडत बाहेर आले. मामा लोखंडी दांडका हातात घेऊन उभे होते.

"अडतीस," ते म्हणाले.

हेडसरांनी मुलांना परत बोलावलं नाही.

मला वाटतं, बहुतेक माणसांची गोष्ट इथे संपली असती. मामांची संपली नाही. पुढच्या मार्चला पाण्याची बादली पुन्हा त्यांच्याकडे आली. पहिल्याच पेपरला आम्ही पाहिलं, मामांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आहेत आणि खिसा बाहेर काढून उलटा लोंबता ठेवला आहे. प्रत्येक मुलापुढे जायचे, पेला उपडा करायचे, बूड दाखवायचे आणि मग पाणी भरायचे. नवीन पर्यवेक्षकांना वाटलं, हा माणूस फार स्वच्छतेचा दिसतो.

केंद्राचा निकाल त्या वर्षी धाडकन खाली आला. लोकांनी मामांना रस्त्यात अडवलं. एकानं सायकलच्या चाकाची हवा सोडली. "स्वतः पास झाला आता म्हातारा, आमच्या पोरांची वाट अडवतो," असं चहाच्या टपरीवर उघड बोललं जायचं. हेडसरांवरही दाब आला. त्यांनी मामांना बोलावलं. मी तिथेच होतो.

"मामा, पाण्याचं काम दुसऱ्याला देऊ का? तुमचंही वय झालं."

"द्या, सर. माझी काय तक्रार न्हाई. फक्त लेखी द्या, कशापायी काढलं ते."

हेडसर पुष्कळ वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. ते कारण कोणत्या भाषेत लिहिणार? बादली मामांकडेच राहिली, ते निवृत्त होईपर्यंत. आणि निकाल दोन-तीन वर्षांनी हळूहळू वर आला. पूर्वीइतका नाही. पण मधल्या सुट्टीत माझ्यापुढे वह्या घेऊन बसणारी मुलं वाढली होती, एवढं मी शपथेवर सांगेन.

निवृत्तीनंतर मामा गावी गेले. माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. मधूनमधून त्यांचं पोस्टकार्ड यायचं, पत्ता इंग्रजीत, मजकूर मराठीत. मग यायचं थांबलं. ते गेल्याचं मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

मी त्यांच्या गावी गेलो. मातीच्या धाब्याचं घर, दारात लिंब. आत भिंतीला खुंटीवर कुऱ्हाड टांगलेली, पात्याला तेलाचा हात फिरवलेला. थोरला मुलगा घरात होता. चाळिशीला आलेला, बोटांत टायरचा काळेपणा मुरलेला. मला ओळखून त्यानं चटई टाकली आणि कोनाड्यातून वही आणून माझ्यापुढे ठेवली.

"आप्पा म्हणलेत, सर आले तर दाखव."

पहिलंच पान. डावीकडे इंग्रजी कुऱ्हाडी, उजवीकडे मराठी. मार्कलिस्ट घडी घालून तिथेच ठेवली होती. मी ती कोरी जागा शोधली. कोरी राहिली नव्हती. म्हणीखाली, मराठीच्या पानावर, पेन्सिलीनं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं.

'आय वॉज द हँडल. नाऊ आय ॲम नॉट.'

मी ते दोनदा वाचलं. वर पाहिलं, तर मुलगा माझ्याकडे बघत होता.

"मला अर्थ लागला सर," तो म्हणाला. "डिक्शनरीत बघून लावला." मग म्हणाला, "बारावीचा फारम भरलाय. सतरा नंबरचा. आर्ट्सचा. इंग्रजी जड जाऊन राह्यलं."

"रविवारी येत जा," मी म्हणालो. "जे मला येणार नाही ते पाहून सांगेन."

तो मान हलवून उठला. दाराआडच्या रांजणाशी गेला. पाहुण्याला पाणी द्यायचं, म्हणून फळीवरचा स्टीलचा पेला घेतला, विसळला आणि भरायच्या आधी, काही विचार न करता, घरात रोज करत असल्यासारखा, माझ्यासमोर उपडा धरला. बूड चकचकीत होतं. मग त्यानं तो सरळ केला आणि काठोकाठ भरून माझ्या हातात दिला.